धूर आणि वाफ (भाग ७) : खोक्यावरचे आकडे

सॉल्ट निकोटिनचं रसायन गेल्या भागात झालं. ते वाचून लंडनजवळच्या स्लाव गावातल्या एका मराठी वाचक बाईंनी पत्र पाठवलं. यजमान सिगारेट सोडायला तयार झालेत, म्हणून त्या दुकानातून सगळ्यात आटोपशीर दिसणारं स्टार्टर किट घेऊन आल्या. दुकानदाराने विचारलं होतं, ‘आधी तोंडात घेऊन मग छातीत ओढणार, की थेट छातीत?’ बाईंना काहीच कळलं नाही. घरी येऊन खोकं पाहिलं तर त्यावर मिलिअँपिअर-अवर, ओहम, मिलिलिटर, मिलिग्रॅम! ‘यातला नेमका कुठला आकडा बघायचा?’ आणि ताजा कलम म्हणून, ‘दिवाळीत कोल्हापूरला येताना हे बरोबर आणलं तर चालेल ना?’

ताज्या कलमाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. चालणार नाही. भारतात १८ सप्टेंबर २०१९ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाअखेरीस त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यालाच बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा किट स्लावमध्येच राहू द्यावं.

आकड्यांचं उत्तर जरा लांबचं आहे. दुकानदार स्वतःच्या मालाचं कौतुक करणारच. किटची परीक्षा खरी तिथे होते, जिथे ते रोज सिगारेट ओढणाऱ्या शेकडो माणसांच्या हातात दिलं जातं आणि वर्षभराने त्यांना परत बोलावून श्वास तपासला जातो. अशी परीक्षा लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले पीटर हायेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली आणि तिचा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत सिगारेट सोडवणारी केंद्रं आहेत. तिथे मदत मागायला आलेल्या ८८६ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला निकोटिनचे पॅच, च्युइंगगम, स्प्रे यांतलं हवं ते, हवं तर दोन मिळून, तीन महिन्यांपर्यंत. दुसऱ्या गटाला ई-सिगारेटचं एक स्टार्टर किट. दोन्ही गटांना किमान चार आठवडे, दर आठवड्याला समुपदेशकाशी समोरासमोर भेट.

किट अगदी साधं होतं. नाव ‘वन किट’, किंमत ३० पौंडांच्या आसपास. ६५० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी, पुन्हा भरता येणारी टाकी, २.१ ओहमची कॉइल आणि तंबाखूच्या चवीच्या द्रवाची ३० मिलिलिटरची एकच बाटली, दर मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिनची. ते कसं भरायचं, कसं चार्ज करायचं हे तोंडी समजावून दिलं आणि कागदावरही लिहून दिलं. बाटली संपली की पुढची ज्याची त्याने आणायची, हवी त्या चवीची, हव्या त्या ताकदीची. किट पसंत पडलं नाही तर दुसरं घ्या, हेही सांगितलेलं.

वर्षभराने ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, पॅच-गमच्या गटात ९.९ टक्के. हे नुसत्या तोंडच्या कबुलीवर ठरवलं नव्हतं. सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड सापडतो, तो मोजून खात्री केली होती. किटवाल्या गटात घसा आणि तोंड चुरचुरण्याच्या तक्रारी जास्त आल्या (६५.३ विरुद्ध ५१.२ टक्के), मळमळ मात्र पॅच-गमवाल्यांना जास्त झाली.

१८ टक्के हा आकडा फार मोठा नाही, दहांतले आठ जण तरीही सिगारेटकडेच परतले. पण सहा वर्षं आधीचा न्यूझीलंडचा प्रयोग शेजारी ठेवला की तो वेगळा दिसू लागतो. तिथे ६५७ जणांपैकी काहींना सिगारेटसारखी दिसणारी, पहिल्या पिढीची बारीक ई-सिगारेट दिली, काहींना निकोटिनचे पॅच, काहींना निकोटिन नसलेली ई-सिगारेट. सहा महिन्यांनी सिगारेट सोडलेले अनुक्रमे ७.३, ५.८ आणि ४.१ टक्के. फरक इतका थोडा की त्यावरून ठाम काही म्हणता येईना. ती यंत्रं दिसायला हुबेहूब सिगारेट होती, पण रक्तात निकोटिन पोचवण्यात अगदीच लेचीपेची. सिगारेटवाल्याचं शरीर रूपाला भुलत नाही. काही मिनिटांत तलफ शमली नाही, की हात पाकिटाकडे जातोच.

म्हणून बाईंच्या प्रश्नाला पहिलं उत्तर : मिलिग्रॅमचा आकडा आधी बघा. दिवसाला पाकीट संपवणाऱ्याने ‘जपून सुरुवात करावी’ म्हणून ३ किंवा ६ मिलिग्रॅमची बाटली आणली, तर ती फसण्याचीच शक्यता मोठी. ब्रिटनमध्ये वरची मर्यादा दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. मे २०१६मध्ये लागू झालेल्या युरोपीय नियमांतून ती आली आणि तिच्याबरोबर आणखी दोन आल्या : टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नको आणि निकोटिनच्या द्रवाची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नको. त्यामुळे वन किटमधली ३० मिलिलिटरची बाटली आज तिथल्या दुकानात मिळणार नाही.

आता ओहम. दुकानदाराचा तो गोंधळात टाकणारा प्रश्न याच आकड्याचा होता.

सिगारेट ओढणारा धूर आधी तोंडात घेतो आणि मग श्वासाबरोबर छातीत नेतो. जास्त रोधाची कॉइल, म्हणजे एक ओहमच्या वरची, थोडी आणि घट्टशी वाफ देते आणि तिचा झुरका याच सवयीशी जुळतो. एक ओहमच्या खालची कॉइल ढगच्या ढग सोडते, ते थेट छातीत ओढायचे असतात. जन्मभर सिगारेट ओढलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी १८ मिलिग्रॅमचा द्रव अशा कॉइलवर ओढला, तर ठसक्याने त्याचे डोळे पांढरे होतील आणि किट कपाटात जाईल.

हायेक यांच्या प्रयोगातही किट मध्येच बदलावं लागलं. मूळ मॉडेल बाजारातून गेलं आणि उशिरा आलेल्या काही जणांना त्याची नवी आवृत्ती मिळाली. तिची कॉइल ०.७ ओहमची आणि बॅटरी १००० मिलिअँपिअर-अवरची होती. खोकी शेजारी ठेवली तर कुणीही १०००वालं उचलेल. पण शाळेतला ओहमचा नियम आठवून पाहा. शक्ती म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले रोध. लिथियम बॅटरीचे सरासरी ३.७ व्होल्ट २.१ ओहमच्या कॉइलला सरळ जोडले, तर साधारण ६.५ वॅट खर्च होतात. तेच ०.७ ओहमला जोडले तर जवळजवळ २० वॅट. ६५० मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत सुमारे २.४ वॅट-अवर ऊर्जा मावते, म्हणजे ६.५ वॅटने बावीसेक मिनिटं कॉइल तापवता येईल. तीन सेकंदांचा झुरका धरला तर चारशेच्या वर झुरके. १००० मिलिअँपिअर-अवरमध्ये ३.७ वॅट-अवर, पण २० वॅटने ते अकरा मिनिटांत संपतात. झुरके सव्वादोनशे. दीडपट मोठी बॅटरी आणि निम्मे झुरके! हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्ष यंत्रात वीज नियंत्रित करणारी चिप असली, तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण खोक्यावरचा बॅटरीचा आकडा ओहमशिवाय वाचू नये, एवढं त्यातून कळतं. शिवाय २० वॅटवर द्रवही भराभर उडतो आणि टाकी २ मिलिलिटरचीच असते.

ई-सिगारेट बनवणाऱ्या होन लिक यांची गोष्ट याच भागात येणार होती, हे नियमित वाचकांना आठवत असेल. पण ओहमचा विषय निघाला की जळक्या कापसाची भानगड सांगितल्यावाचून राहवत नाही.

कॉइलच्या वेटोळ्यात कापसाची वात असते. तिचं काम समईतल्या वातीचंच : द्रव वर ओढून घेणं. द्रव पोचायच्या आधी कॉइल तापली, की वातच करपते आणि घशाला असा चटका बसतो की माणूस यंत्र दूर फेकतो. वापरणारे याला कोरडा झुरका म्हणतात. जानेवारी २०१५मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. ३.३ व्होल्टवर त्यांना फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टवर मात्र भरपूर सापडली. ‘ई-सिगारेटमध्ये फॉर्माल्डिहाइड’ असे मथळे जगभर झळकले.

ग्रीसचे हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनी त्यावर उलटतपासणी केली. त्यांनी सरावलेल्या वापरकर्त्यांना हळूहळू वाढत्या शक्तीवर झुरके घ्यायला लावले आणि कुठे करपट चव लागते ते नोंदवलं. मग तीच यंत्रं, तीच शक्ती प्रयोगशाळेत तपासली. माणसांनी जिथे तोंड वाकडं केलं होतं, तिथेच अल्डिहाइडचं प्रमाण उसळलं, त्याच्या खाली ते कमीच होतं. मथळ्यातला धोका खोटा नव्हता, पण जिवंत माणूस त्या स्थितीत दुसरा झुरका घेत नाही. प्रयोगशाळेतलं ओढणारं यंत्र मात्र घेतच राहतं. प्रमाणित पद्धतीत ते तीन सेकंदांत ५५ मिलिलिटर वाफ ओढतं आणि दर अर्ध्या मिनिटाला पुन्हा ओढतं. त्याला जीभ नाही, खोकला नाही.

घरच्या परीक्षेसाठी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. नवी कॉइल बसवून टाकी भरली की पाचदहा मिनिटं थांबायचं, वात भिजू द्यायची. आणि करपट चव आली तर ‘होईल ठीक’ म्हणत ओढत बसायचं नाही, कॉइल बदलायची. त्या कॉइल कुठे आणि किती पैशांत मिळतात, हे किट घेतानाच विचारून ठेवावं. पहिल्या किटचं अपयश पुष्कळदा असंच येतं. कॉइल संपलेली, दुकान बंद आणि कोपऱ्यावर सिगारेट हजर.

या कटकटी नकोत म्हणून पॉड आले. अमेरिकेत २०१५च्या जूनमध्ये आलेलं जूल हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. अ‍ॅडम बोवेन आणि जेम्स मॉन्सीज हे त्याचे कर्ते स्टॅनफर्डचे विद्यार्थी. बटण नाही, भरायचं नाही, पॉड खटकन बसवायचा आणि ओढायचं. पॉडमध्ये फक्त ०.७ मिलिलिटर द्रव, पण वजनाच्या ५ टक्के निकोटिन, म्हणजे मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅमच्या घरात. ब्रिटनच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. म्हणूनच २०१८मध्ये ते ब्रिटनमध्ये आलं तेव्हा पातळ करून आणावं लागलं. पट्टीच्या सिगारेटवाल्यासाठी हे उत्तम यंत्र, यात शंका नाही. पण तोच सोपेपणा शाळकरी पोरांनाही सोयीचा पडला. अमेरिकेच्या सरकारी पाहणीत महिन्याभरात एकदा तरी ई-सिगारेट ओढलेले हायस्कूलचे विद्यार्थी २०१७मध्ये ११.७ टक्के होते, २०१८मध्ये २०.८ टक्के. किटची परीक्षा करताना ते घरातल्या कुणाकुणाच्या हाती लागू शकतं, हा प्रश्न खोक्यावर छापलेला नसतो.

किट कुठून घ्यायचं, याबद्दलही थोडं. २०१९मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या एका विचित्र आजाराने हाहाकार उडवला. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. मुख्य संशयित ठरलं व्हिटामिन ई अ‍ॅसिटेट. ते सापडलं प्रामुख्याने गांजातल्या टीएचसीच्या काळ्या बाजारातल्या काडतुसांत. तेव्हा ब्रिटनमध्ये नोंदणी झालेलाच द्रव घ्यावा, मित्राच्या मित्राकडून आलेला नको. आणि घरात सिगारेट न ओढणारं जे कुणी असेल त्याने गंमत म्हणूनही किटला हात लावू नये, असाच तिथल्या डॉक्टरांचा सल्ला असतो.

ब्रिटिश सरकारने मात्र किटवर बराच विश्वास टाकला. एप्रिल २०२३मध्ये इंग्लंडमधल्या दहा लाख सिगारेटवाल्यांना समुपदेशनासकट फुकट स्टार्टर किट देण्याची योजना जाहीर झाली. १ जून २०२५पासून ओढून फेकायच्या ई-सिगारेटवर तिथे बंदी आहे, त्यामुळे दुकानात आता पुन्हा भरायची, पुन्हा चार्ज करायचीच यंत्रं उरलीत.

हायेक यांच्या अहवालातला एक आकडा आतापर्यंत मुद्दाम राखून ठेवला होता. किट घेऊन सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षभरानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. पॅच-गमच्या गटात उपचार चालू ठेवणारे अवघे ९ टक्के. एक बाजू म्हणते, जळणारा तंबाखू सुटला ना, मग वाफ चालू राहिली तर बिघडलं कुठे? दुसरी म्हणते, मालक तोच, फक्त पट्टा बदलला. दोन्ही बाजूंकडे चांगले दाखले आहेत आणि ते एका परिच्छेदात बसणार नाहीत. पुढचा भाग त्यांच्यासाठी. होन लिक यांना आणखी एक आठवडा थांबावं लागेल. त्यांची हरकत नसावी, कारण ई-सिगारेट बनवल्यावरही साधी सिगारेट पुरती सुटलेली नाही, हे त्यांनी मुलाखतींत स्वतःच सांगितलेलं आहे.