रक्ताने न सांगितलेली गोष्ट

पावसाळ्यात आमच्या वेंगुर्ल्यात बुरशी घरचीच होऊन जाते. चपला, कपाटातली पुस्तके, लोणच्याची बरणी, कुठेही तिला मज्जाव नाही. तिचे बीजाणू आपण रोज श्वासाबरोबर आत घेतो. धडधाकट शरीर त्यांना थारा देत नाही. पण रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारा, अतिदक्षता विभागात दीर्घकाळ पडून असलेला किंवा साखर हाताबाहेर गेलेला माणूस असला, की हीच बुरशी फुप्फुसात, रक्तात, मेंदूत शिरते. चाहूल उशिरा लागली, तर औषध हाताशी असूनही माणूस हातचा जातो.

उमेदीची वर्षे बँकेत गेल्यामुळे चाहुलीचे मोल मी जाणतो. कर्ज बुडण्याआधी खात्यावर खुणा दिसू लागतात. रक्तातही तशा खुणा शोधता येतात. बऱ्याच बुरशींच्या पेशीभित्तिकेतले बीटा-डी-ग्लुकन रक्तात उतरते, ही एक खूण. अ‍ॅस्परजिलससाठी गॅलॅक्टोमॅननची चाचणी आहे. एचआयव्हीबाधितांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा क्रिप्टोकॉकस तर लक्षणांच्या काही आठवडे आधीच रक्ततपासणीत सापडू शकतो.

गंमत म्हणजे, ग्लुकनच्या चाचणीचे द्रव्य मिळते ते घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या एका सागरी जीवाच्या निळ्या रक्तातून. त्याला खेकडा म्हणतात खरे, पण आमच्या बाजारातल्या कुर्ल्यांपेक्षा त्याचे नाते विंचवाशी जवळचे. त्याचे भाऊबंद ओडिशाच्या किनाऱ्यावर आढळतात.

मग २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेमागोमाग महाराष्ट्रात काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस पसरली, कित्येकांचे डोळे, जबडे आणि प्राणही गेले, तेव्हा या चाचण्या का कामी आल्या नाहीत? कारण म्युकर या दोन्ही खुणा रक्तात फारशा सोडतच नाही. अहवाल स्वच्छ आणि चोर घरात! म्युकरचा डीएनए रक्तात शोधता येतो, पण ती सोय सर्वत्र नाही. नाकात दुर्बीण घालून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हाच भरवशाचा मार्ग.

म्हणून घरच्यांची नजर मोलाची. मधुमेही माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू सुजली, नाकातून काळपट स्राव आला, डोळा दुखू लागला, दात हलू लागला, तर रक्ताच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. गंभीर दुखण्यात आमच्याकडची माणसे बांबोळी गाठतात. अशा वेळी एक दिवसही उशीर नको. साखर ताब्यात ठेवावी, स्टेरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. रक्त पुष्कळ सांगते. जे सांगत नाही, ते आपण पाहायचे.