फायटोक्रोम : निष्कर्षणात तुटणारे प्रकाशग्राही प्रथिन

लाल आणि दूर-लाल प्रकाशातला फरक वनस्पतीला फायटोक्रोम या प्रथिनामुळे कळतो. या प्रथिनाची दोन रूपे आहेत. पीआर रूप सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश शोषून पीएफआर बनते. पीएफआर सुमारे ७३० नॅनोमीटरचा दूर-लाल प्रकाश शोषून पुन्हा पीआर होते. १९५९ मध्ये अमेरिकेतील बेल्ट्सविल येथे अंधारात वाढवलेल्या मक्याच्या रोपांत हे प्रथिन प्रथम मोजले गेले आणि त्यांच्या रसातही मिळाले.

आकाराचा घोळ

१९६०च्या दशकात ओटच्या रोपांतून शुद्ध केलेल्या फायटोक्रोमचे वस्तुमान सुमारे ६० किलोडाल्टन भरले. रसात मोठे कणही दिसत आणि कालांतराने ते लहान होत. लहान घटक एकत्र जोडलेले असतात व नंतर सुटे होतात, असे तेव्हा वाटत होते. १९७१ मध्ये विन्स्लो ब्रिग्ज यांच्या गटाने दाखवले की हे सुटे होणे नसून तुटणे आहे. रसातील प्रोटिएज विकरे प्रथिन कापत होती.

त्यानंतर सुमारे १२० किलोडाल्टनचे 'मोठे' फायटोक्रोम अखंड मानले गेले. १९८२ मध्ये रिचर्ड व्हिअर्स्ट्रा आणि पीटर क्वेल यांनी तेही थोडे कापलेलेच असल्याचे सिद्ध केले. ओटमधील अखंड रेणू १२४ किलोडाल्टनचा निघाला. तुटलेला भाग छोटा होता, पण त्याने गुणधर्म बदलले होते. पीएफआरचे शोषणशिखर ७३० नॅनोमीटरवरून कमी तरंगलांबीकडे सरकले होते आणि अंधारात पीएफआर आपोआप पीआरकडे परतण्याचा वेग वाढला होता. म्हणजे काही निष्कर्ष वनस्पतीविषयी नव्हते, ते तुकड्यांविषयी होते.

असे का होते?

लसूण अख्खा असताना फारसा वास येत नाही, ठेचला की येतो. वेगवेगळ्या कप्प्यांतील विकर आणि त्याचे लक्ष्य ठेचल्यावर एकत्र येतात. रोप वाटतानाही तसेच घडते. रिक्तिकेतील प्रोटिएज बाहेर पडून फायटोक्रोमला भिडतात. पीआर रूपाचे अमिनो टोक विशेष उघडे असल्याने तेथे काप लवकर बसतो.

घ्यायची काळजी

१. रोपे अंधारात वाढवावीत. त्यांत फायटोक्रोम भरपूर असते आणि हरितद्रव्य मोजणीत आड येत नाही. काम मंद हिरव्या प्रकाशात करावे.
२. बफर, खल आणि नळ्या ४ अंश सेल्सिअसला ठेवाव्यात. भिलाईत मे महिन्यात पारा चाळीशीपार जातो. अशा वेळी बर्फाविना टेबलावर राहिलेला रस लवकर बिघडतो.
३. पीएमएसएफ हे रोधक आयत्या वेळी मिसळावे, कारण पाण्यात ते टिकत नाही. ते विषारी आहे, हातमोजे वापरावेत. ते मुख्यतः सेरीन प्रोटिएज रोखते. धातूवर अवलंबून असणाऱ्या प्रोटिएजसाठी ईडीटीए लागते.
४. रसावर लाल प्रकाश टाकून प्रथिन पीएफआर रूपात ठेवावे.

पडताळणी कशी करावी?

रोपाचा एक भाग थेट उकळत्या एसडीएस बफरमध्ये टाकावा. विकरे तत्काळ निकामी होतात. हा नमुना आणि नेहमीचा रस एकाच जेलवर शेजारी चालवून प्रतिपिंडाने पट्टे पाहावेत. रसातील पट्टा खाली सरकलेला असेल, तर प्रथिन तुटले आहे.

गल्लत टाळा

जिवंत पेशीतही फायटोक्रोम ए प्रकाशात झपाट्याने नष्ट होते. पण तेथे पीएफआर रूपावर युबिक्विटिनची खूण लागते आणि ते नियंत्रित विघटन असते. रसात उलट पीआर रूप अधिक सहज कापले जाते. पहिली क्रिया वनस्पतीची आहे, दुसरी आपल्या खलातली.

स्वाध्याय : तुमच्या रसात ११४ आणि ११८ किलोडाल्टनचे दोन पट्टे दिसले. ही दोन वेगळी फायटोक्रोम आहेत की एकाचेच तुकडे, हे ठरवण्यासाठी कोणता प्रयोग कराल?