एक, पाच, तीन, सहा, दोन, चार : ट्रकच्या इंजिनातला क्रम

गेल्या दोन व्याख्यानांत आपण 'क्रम' या कल्पनेविषयी बोललो. आधी म्हणजे काय, नंतर म्हणजे काय, हा चालला होता विषय. त्यावर काही श्रोत्यांनी कळवलं, की सर, हे फार हवेत राहतंय, हाताला लागेल असं काहीतरी सांगा. आज सांगतो. हाताला लागेल आणि हात काळेही होतील. आजचं उदाहरण ट्रकच्या इंजिनाचं आहे.

मी इंजिनिअर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ते कराडच्या बाजूला एक ट्रक चालवायचे. स्वतःचा, कर्जावर घेतलेला. १९८४ साली दिवाळीच्या सुटीत मी घरी गेलो, तेव्हा उसाचा हंगाम तोंडावर होता आणि ट्रक एका गॅरेजमध्ये उभा होता. डिझेलचे हाय प्रेशर पाइप गळत होते म्हणून नवे वाकवून बसवले होते. काम केलं होतं सतरा-अठरा वर्षांच्या एका पोरानं. आणि आता ट्रक चालू होईना. स्टार्टर फिरायचा, एखाद-दुसरा ठोका पडायचा, भसाभस पांढरा धूर यायचा, बस. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी दुसऱ्या गावाहून एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी बघितलं, चार पाइप काढून फिरवून लावले, आणि इंजिन लागलं. त्या पोराला दादांनी सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलून हाकलून दिलं. पोरगा एवढंच म्हणत होता, 'मी एकला एक आणि दोनला दोन लावलंय. मला असंच शिकवलंय.'

हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता इंजिन. कागद-पेन्सिल घ्या आणि एका ओळीत सहा गोल काढा. ट्रकमध्ये अशी एका ओळीत सहा सिलिंडरांची इंजिनं सर्रास असतात. आता नंबर द्या, एक ते सहा. कुठून सुरू करायचं? सर्वसाधारण प्रघात असा, की इंजिनाच्या ज्या टोकाला फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स असतो त्याच्या विरुद्ध टोकापासून मोजायचं. ट्रकमध्ये ते टोक रेडिएटरच्या बाजूला येतं, म्हणून लोक म्हणतात 'पुढचा तो एक नंबर'. पण हा 'पुढे' इंजिनाचा आहे, गाडीचा नाही. ज्या बसचं इंजिन मागे उभं बसवलेलं असतं, तिथे एक नंबर बहुधा बसच्या मागच्या टोकाला येतो. आणि रेनो, प्यूजो या फ्रेंच कंपन्यांच्या अनेक इंजिनांत तर एक नंबर फ्लायव्हीलच्या बाजूलाच धरतात. म्हणजे नंबर हे ठरवून दिलेलं नाव आहे. घराला नंबर असतो ना, तसं. ते जागा सांगतं. त्या घरात आधी दिवा लागतो की नंतर, हे सांगत नाही.

दिवा लागण्याचा जो क्रम, त्याला फायरिंग ऑर्डर म्हणतात. बहुतेक सहा सिलिंडरी ट्रक इंजिनांचा तो क्रम आहे १-५-३-६-२-४. गॅरेजमध्ये पोरं हा मंत्रासारखा पाठ करतात. आपण तो पाठ न करता कागदावर काढू.

इंजिन चार फेऱ्यांत काम करतं. हवा आत घेणं, दाबणं, पेटून ढकलणं, धूर बाहेर टाकणं. १८७६ साली ओटोनं हे चार टप्प्यांचं इंजिन चालवून दाखवलं. पुढे डीझेलनं ठिणगीशिवाय, नुसत्या दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर इंधन पेटवलं. १८९७ पर्यंत त्याचं इंजिन नीट चालू लागलं. या चार टप्प्यांना क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात, म्हणजे ७२० अंश. सिलिंडर सहा. ७२० भागिले ६, बरोबर १२०. म्हणजे दर १२० अंशांना एक सिलिंडर पेटला, तर ढकलणं सारख्या अंतरानं होईल.

म्हणून क्रँकशाफ्ट अशी घडवतात, की तिचे सहा गुडघे तीन दिशांना जातील, दिशांमध्ये १२० अंशांचं अंतर, आणि प्रत्येक दिशेला दोन. एक आणि सहा जोडीनं. दोन आणि पाच जोडीनं. तीन आणि चार जोडीनं. कागदावर या जोड्या कमानीनं जोडा. मधोमध आरसा ठेवल्यासारखी रचना दिसेल. एक नंबरचा पिस्टन वर आला की सहाचाही वर येतो. नेमका त्याच क्षणी.

मग दोघेही एकदम पेटतात का? नाही. दोघं एकाच जागी आहेत, पण वेगवेगळ्या काळात. एक नंबर हवा दाबून वर आलेला आहे, आता पेटणार. सहा नंबर धूर बाहेर टाकून वर आलेला आहे, आता नवी हवा घेणार. एका फेऱ्यानंतर भूमिका उलट. मिस्त्री टॅपेट लावतात तेव्हा याचाच उपयोग करतात. सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलताना दिसले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की समजायचं, आता एक नंबरचे दोन्ही पूर्ण मिटलेले आहेत, त्याचं टॅपेट लावा. जोडीदाराकडे बघून आपल्या माणसाची अवस्था ओळखायची.

आता गणित करू. क्रम एकापासून सुरू करायचा ठरवला, तर उरलेल्या पाचांची मांडणी १२० प्रकारे होते. पण क्रँकशाफ्ट एकदा घडवली की तिन्ही जोड्या ठरावीक क्रमानं वर येतात. आपण उदाहरणादाखल अशी क्रँकशाफ्ट घेऊ, जिच्यात आधी एक-सहा, मग पाच-दोन, मग तीन-चार वर येतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी जोडीतल्या कुणाला आधी पेटवायचं एवढंच आपल्या हातात राहतं. एक ठरलेलाच आहे. मग पाच की दोन, आणि तीन की चार. दोन गुणिले दोन, चार. १२० पैकी फक्त चार शक्यता उरल्या. बाकीच्या ११६ त्या पोलादानं नाकारल्या.

त्या चार लिहा. पहिली १-५-३-६-२-४. दुसरी १-५-४-६-२-३. तिसरी १-२-३-६-५-४. चौथी १-२-४-६-५-३. आता यांतला कोणता क्रम घ्यायचा? शेजारी-शेजारी लागोपाठ पेटू नयेत, म्हणजे एकाच ठिकाणच्या बेअरिंगवर आणि एकाच भागावर सलग मार बसू नये, अशी एक अट घालून बघा. दुसरीत पाचानंतर चार येतो, शेजारी. तिसरीत एक, दोन, तीन, सगळे शेजारी. चौथीत एकानंतर दोन. पहिली तपासा. एकानंतर पाच, मग तीन, मग सहा, मग दोन, मग चार, आणि चारानंतर पुन्हा एक. कुठेही शेजारी लागोपाठ नाहीत. एकच क्रम उरला, आणि तो पोरं पाठ करतात तोच.

दुसरी गंमत. एक पुढच्या तिघांतला, पाच मागच्या तिघांतला, तीन पुढचा, सहा मागचा, दोन पुढचा, चार मागचा. एकाआड एक. म्हणून पुढच्या तिघांचा धूर एका नळीतून आणि मागच्या तिघांचा दुसऱ्या नळीतून टर्बोकडे नेला, तर प्रत्येक नळीत २४० अंशांच्या अंतरानं सुटसुटीत झोत येतात, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

क्रँकशाफ्ट आरशातल्यासारखी उलट घडवली तर हाच न्याय लावून १-४-२-६-३-५ येतो. आपलाच क्रम मागून वाचला की तो मिळतो. तसाही तो काही इंजिनांत असतो. आणि चार सिलिंडरी इंजिनाचं हेच करून बघा. तिथे जोड्या एक-चार आणि दोन-तीन. शक्यता दोनच, १-३-४-२ आणि १-२-४-३. दोन्हींत शेजारी लागोपाठ येतातच. चारांच्या ओळीत त्यातून सुटका नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो मलाही होता. लोक म्हणतात, फायरिंग ऑर्डरमुळे इंजिन थरथरत नाही. अर्धंच खरं आहे. सहांच्या ओळीत पिस्टनच्या वर-खाली होण्यानं येणारे हिसके एकमेकांना मारतात, ते क्रँकशाफ्टच्या आरशासारख्या रचनेमुळे. ती रचना क्रमाच्या आधीची आहे. क्रमानं ठरतं ते, बेअरिंगवर मार कसा वाटला जातो, क्रँकशाफ्टला पीळ कसा बसतो, आणि धुराची वाट कशी मोकळी राहते.

आता थोडं माझ्या विषयाकडे. वैशेषिक दर्शनात परत्व आणि अपरत्व असे दोन गुण मानले आहेत. लांबचं-जवळचं, आधीचं-नंतरचं. आणि त्यांचे दोन-दोन प्रकार सांगितले आहेत, दिक्कृत आणि कालकृत. एक जागेमुळे येणारा, दुसरा काळामुळे येणारा. परीक्षेत मुलं हे घोकून लिहायची, आणि मीही घोकूनच शिकवत होतो, असं आज कबूल करतो. सिलिंडरचा नंबर हा दिक्कृत आहे. फायरिंग ऑर्डर कालकृत आहे. दोन्हींसाठी आपण तेच एक-दोन-तीन हे आकडे वापरतो, आणि घोटाळा तिथे होतो.

याचं चांगलं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या पिकअप ट्रकमध्ये व्ही आकाराची आठ सिलिंडरी इंजिनं फार चालली. शेव्हर्लेच्या प्रसिद्ध इंजिनाचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. फोर्डच्या जुन्या ३०२ इंजिनाचा १-५-४-२-६-३-७-८. वाटेल, दोन वेगळी इंजिनं. पण शेव्हर्ले डाव्या ओळीला विषम आणि उजव्या ओळीला सम आकडे देते, तर फोर्ड उजवीकडे एक ते चार आणि डावीकडे पाच ते आठ. कागदावर जागा मांडून बघा. उजवीकडच्या सगळ्यांत पुढच्या सिलिंडरपासून सुरुवात केलीत, तर दोन्हींत अगदी त्याच जागा त्याच क्रमानं पेटतात. नावं वेगळी, घटना तीच.

आता त्या पोराकडे. डिझेल इंजिनात इंधन ढकलणारे पंप त्या काळी मुख्यतः दोन प्रकारचे. एका प्रकारात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर, सगळे ओळीत. त्यांना उचलणाऱ्या पंपातल्या कॅम आतच १-५-३-६-२-४ अशा बसवलेल्या असतात. क्रम पंपाच्या पोटात आहे. म्हणून बाहेर पाइप सरळ लावायचे, एकला एक, दोनला दोन. दुसरा प्रकार रोटरी. त्यात आतला रोटर फिरत-फिरत गोलावरच्या एकेका तोंडाला पाळीपाळीनं इंधन देतो. तोंडं काळाच्या क्रमानं आहेत. म्हणून तिथे एक नंबरच्या तोंडापासून रोटर फिरतो त्या दिशेनं पुढचं तोंड पाचला, त्यापुढचं तीनला, असे पाइप न्यायचे. क्रम पंपाच्या बाहेर, आपल्या हातानं आणायचा.

दादांच्या इंजिनाला रोटरी पंप होता. पोरगा शिकला होता ओळीतल्या पंपावर. त्यानं गोलावरची तोंडं पाळीनं एक, दोन, तीन, चार, पाच, सहा अशी जोडली. आता आपला क्रम शेजारी लिहून ताडा. पहिल्या पाळीला एक, बरोबर. तिसऱ्या पाळीला तीन, तेही बरोबर. दोन आणि पाच एकमेकांच्या पाळीत गेले, म्हणजे व्हॉल्व्ह उघडे असताना त्यांना डिझेल मिळालं. चारला मिळालं ते हवा आत घेताना, सहाला धूर बाहेर टाकताना. सहांपैकी दोनच ठोके खरे, बाकी चारांचं डिझेल न पेटता पांढरा धूर होऊन बाहेर. आणि मिस्त्रींनी पाइप किती काढले होते? चार. हे मला पुण्यात परत आल्यावर, कागदावर गोल काढत बसलो तेव्हा कळलं.

दादांना मी पत्रानं कळवलं. पुढच्या भेटीत ते म्हणाले, 'पोरगं खोटं बोलत नव्हतं म्हणायचं.' त्यांनी त्याची चौकशीही केली. तो गाव सोडून गेला होता. दादा गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण ती गोष्ट ते अधूनमधून काढायचे.

पोराला नियम माहीत होता. नियम का आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो कुठपर्यंत लागू आहे तेही कळायला मार्ग नव्हता. आणि खरं सांगायचं तर, वर्गात परत्व-अपरत्व शिकवताना मी माझ्या मुलांना तसंच सोडलं होतं.

आज कॉमन रेल इंजिनांत पंप फक्त दाब तयार ठेवतो. कोणता इंजेक्टर कधी उघडायचा हे कंट्रोल युनिट ठरवतं. म्हणजे क्रम पोलादातून पाइपांत आला होता, तो आता वायरिंगमध्ये आणि प्रोग्रॅममध्ये गेला आहे. पण क्रँकशाफ्ट तशीच आहे, जोड्या त्याच आहेत, आणि त्या चार शक्यतांच्या बाहेर प्रोग्रॅमलाही जाता येत नाही. तुमच्यापैकी कुणी गॅरेजमध्ये काम करत असेल, कुणी शिकवत असेल, तर हाताखालच्या पोराला क्रम सांगताना हे सहा गोल एकदा काढून दाखवा. दहा मिनिटं लागतात.

पुढच्या वेळी आपण कार्यकारणभावाकडे वळू. प्रश्न असतील तर जरूर पाठवा.