स्टेशनपासून पायी किती?

पहाटे ५. जीप भरली की सुटते, म्हणून जामसरच्या रस्त्यावर अंधारातच येऊन उभी राहिले. एक तारखेपासून अंधेरीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये हजर व्हायचंय. जव्हार-मोखाड्याला रेल्वे नाही, तेव्हा खोली घेण्यावाचून गत्यंतर नाही.

६.३०. जव्हारहून पालघरची एसटी. विक्रमगड, मनोर, पालघर. मामा म्हणत होता, ‘पालघरलाच घे, भाडं कमी.’ पण डहाणू लोकल २०१३ साली सुरू झाली तरी विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच. माझी दुसरी पाळी रात्री ९ ला सुटणार. विरारला निदान गाडीची चिंता नाही, आणि सकाळी तिथूनच सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळण्याची आशा असते.

१०.३०. विरार पूर्व. एजंट म्हणाला, ‘ताई, स्टेशनपासून दहा मिनिटं.’ रिक्षाची दहा मिनिटं. मी म्हटलं, ‘दादा, मी चालत येते.’ पाऊण तास लागला. वाटेत एका अर्धवट बांधकामापाशी दिव्याचे खांब संपले. रात्री साडेअकराला इथून एकटीने यायचं? खोली चांगली होती, तरी नको म्हटलं.

१२.३०. मनवेलपाड्याकडची बैठी चाळ. पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. वसई-विरारला सूर्या नदीचं पाणी येतं. तिच्यावरचं धामणी धरण आमच्या शेजारच्या विक्रमगड तालुक्यात आहे, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन विहिरी धुंडाळतात. ते आठवलं की पिंपात साठवायला सांगणाऱ्या घरमालकाशी वाद घालावासा वाटत नाही. वाद दुसरीकडेच घालायला हवा.

२.००. ‘आडनाव?’ सांगितलं. ‘गाव?’ जव्हार तालुका. सकाळी फोनवर रिकामी असलेली खोली पाच मिनिटांत पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघाली. एजंटने मान खाली घातली. मला राग आला आणि तो अजून आहे. महिन्याच्या महिन्याला भाडं देणाऱ्या माणसाची जात विचारायचा कुणाला काय अधिकार?

वडापाव खाल्ला आणि पुढे निघाले.

४.३०. स्टेशनपासून पायी चौदा मिनिटं, घड्याळ लावून. रस्ताभर दुकानं, मेडिकलवाल्याने सांगितलं, अकरापर्यंत उघडं असतं. वन रूम किचन, संडास आत, मीटर वेगळं. घरमालकीण काकूंनी आडनाव विचारलं नाही. पाळी कधी सुटते ते विचारलं आणि फाटकाची एक किल्ली तुझ्याकडे राहील म्हणाल्या. भाडं ६,०००, डिपॉझिट २५,०००, एजंटला एक महिन्याचं भाडं.

‘ॲग्रीमेंट कशाला? नोटरी करू,’ एजंट म्हणाला. इथे मी हटले नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे एवढ्या भाड्याला किरकोळच. घरच्यांनी भात विकून जमवलेले पंचवीस हजार मी चिठ्ठीवर सोडणार नव्हते. काकूंनी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, ‘आई, बरोबर आहे तिचं, आपल्यालाही तेच सोयीचं.’

५.४५. हजार रुपये टोकन दिलं, पावती घेतली. करार ११ महिन्यांचा, नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा. सोमवारी आधार कार्ड घेऊन अंगठ्याला यायचंय. पिंप काकू देणार आहेत.