ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, किल्ली कंपनीची

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’ची चौकट आखण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्यापुढे चार क्षेत्रे ठेवली होती : शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने. शेतीचे नाव पहिले होते. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या हक्काचे संकेतस्थळही सुरू झाले. पुढे आणखी एक समिती नेमली गेली आणि मे २०२५ मध्ये तिने ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांका’चा अहवाल सादर केला. तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंविषयी आहे. यादीत पहिले असलेले नाव अंमलबजावणीत मागे पडले आणि त्याबद्दल फारशी ओरडही झाली नाही.

ओरड न होण्याचे कारण समजण्यासारखे आहे. भारतीय शेतकरी आपले यंत्र आजवर कोणाला न विचारता दुरुस्त करून घेत आला. बेंगळूरुच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यावर, मेट्रोची पिवळी मार्गिका जिथे संपते त्या बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत याची खूण पटते. औषधनिर्मितीच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या आवारांमागे लेथ, मिलिंग आणि गिअर कापण्याचे छोटे कारखाने आहेत. आसपासच्या आनेकल तालुक्यात नाचणीची शेते अजून तग धरून आहेत. या गल्ल्यांतून हिंडताना माझ्या मनात येते, की हाताशी नमुना असेल तर येथे घडवता येणार नाही असा लोखंडी भाग विरळाच. झिजलेला शाफ्ट असो वा तुटलेला दाता, नाशिक-सांगलीतला फिटर जे करतो तेच येथला कारागीर करतो. संगणकीय कुलपाचा परवलीचा शब्द मात्र कोणत्याही लेथवर कातता येत नाही.

आणि हे कुलूप आता शेतात येऊन पोहोचले आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना ‘ट्रेम-४’ हे उत्सर्जन निकष लागू झाले. ते पाळायचे तर डिझेलचा पुरवठा जुन्या यांत्रिक पंपाऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या हाती द्यावा लागतो. अशा इंजिनांत अनेकदा नवा इंजेक्टर नुसता बसवून भागत नाही. त्याचा संकेतांक नियंत्रकात नोंदवावा लागतो. एखादा सेन्सर बिघडला तर इंजिन आपली ताकद आपणच आखडून घेते. दोष वाचण्याचे आणि पुसण्याचे साधन ज्याच्याकडे, दुरुस्ती त्याचीच. धूर कमी व्हायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण धूर कमी करण्याच्या नियमाबरोबर दुरुस्तीची मक्तेदारीही येते, हे नियम करणाऱ्यांनी लक्षात घेतलेले दिसत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न पैशाइतकाच वेळेचा आहे. वापसा चार दिवस टिकतो. अधिकृत तंत्रज्ञ येईपर्यंत तो थांबत नाही.

अमेरिकेत या वाटेचा शेवट दिसतो. जॉन डिअरच्या ट्रॅक्टरांचे संपूर्ण क्षमतेचे निदान-सॉफ्टवेअर केवळ अधिकृत विक्रेत्यांनाच मिळते, असा आरोप ठेवून तेथील फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. त्याआधी २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला होता. सुटे भाग, सॉफ्टवेअर, साधने आणि माहितीपुस्तिका मालकाला व स्वतंत्र कारागिराला देणे १ जानेवारी २०२४ पासून तेथे बंधनकारक झाले. याच कंपनीचा भारतातला कारभार पुण्यातून चालतो, म्हणून हा वाद सातासमुद्रापलीकडचा मानण्याचे कारण नाही.

आपल्याकडे विकले जाणारे बहुतांश ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीच्या आतले आहेत. आपली सवड एवढीच. उत्सर्जनाचे पुढचे निकष लहान ट्रॅक्टरांनाही कवेत घेणार आहेत. त्यांची तारीख पुढे ढकलली गेली, बेत मात्र रद्द झालेला नाही. कायदा करायचा तर तो त्याआधी. कंपन्यांचे जाळे उभे राहिल्यावर काय होते, हे मोटारींच्या बाबतीत पाहिले आहे. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना नाकारल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आदेश खणखणीत होता. नंतर प्रकरण अपिलांच्या फेऱ्यात अडकले.

याहून उपयोगी दाखला बियाण्याचा आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमाने बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, इतकेच नव्हे तर ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. पैदासकाराची मालकी आणि शेतकऱ्याची वहिवाट एकाच कायद्यात नांदवता येतात, हे भारताने जगाला दाखवले. यंत्राच्या बाबतीत तेच करायला काय हरकत आहे?

हरकत कंपन्यांची आहे आणि ती सगळीच खोटी नाही. इंजिनाच्या आज्ञावलीत ढवळाढवळ करून उत्सर्जनाची मर्यादा ओलांडता येते, सुरक्षिततेची व्यवस्थाही निकामी करता येते. पण दोष वाचणे, भाग बदलणे आणि त्याची नोंद करणे वेगळे. मूळ आज्ञावली बदलणे वेगळे. पहिले खुले ठेवून दुसऱ्यावर बंदी घालता येते.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही, असे माझे मत आहे. यांत्रिकीकरणाच्या योजनांतून सरकार अवजारांवर साधारणतः ४० ते ५० टक्के अनुदान देते. अनुदानाआधी यंत्राची चाचणी लागते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे त्यासाठी केंद्रीय संस्था आहे. चाचणीच्या निकषांत दुरुस्तीची पुस्तिका मराठी-कन्नडसारख्या भाषांत, निदानाचे साधन वाजवी दरात आणि सुटे भाग ठरावीक वर्षे, या तीन अटी घातल्या तर अनुदान हवे असलेली कंपनी त्या पाळेल. जनतेचा पैसा ज्या यंत्रात गुंतला आहे त्याला कुलूप का असावे, हे मग कंपनीला सांगावे लागेल.

‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत तर हे तातडीचे आहे. १,२६१ कोटींच्या या योजनेतून १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले आणि किमतीच्या ८० टक्के, कमाल आठ लाख रुपये, केंद्र देते. गटातील एका महिलेला वैमानिकाचे प्रशिक्षण मिळते. दुरुस्तीची आवड असलेल्या दुसऱ्या सदस्याला साहाय्यक म्हणून पाच दिवस शिकवण्याचीही तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. त्या साहाय्यकाच्या हाती पाना येईल. ड्रोनच्या नियंत्रकाची किल्ली येईल का, हे खरेदीच्या करारात लिहिले पाहिजे.