रानात शिकलेला चित्रकार

तळेगाव-चाकण रस्त्याने कांद्याची गाडी बाजारात नेताना भामचंद्राचा डोंगर तुम्ही किती वेळा पाहिला असेल? शेकडो वेळा. पण घरी आल्यावर कोणी कागद पुढे केला आणि म्हणाले, "त्या डोंगराच्या माथ्याची रेघ काढून दाखवा बरे," तर हात थबकेल. आपण रोज पाहतो ते ओळखीपुरते पाहतो. नीट पाहायचे राहूनच जाते.

आणि आपल्या या भागात, आज राहिलेले उद्या पाहायला मिळेलच असे नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना आला. मग भोसरी-चिंचवडचे माळ कारखान्यांनी भरले. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे मोटारींचे कारखाने थेट चाकणच्या शिवारात येऊन बसले. बाजरी डोलत होती तिथे पत्र्याच्या शेडी उभ्या आहेत. कोणाला नोकरी मिळाली, कोणाला पैसा मिळाला, नाही असे नाही. पण ज्याचे रान गेले त्याच्या डोळ्यांपुढून ते हलत नाही.

म्हणून आज एका चित्रकाराची गोष्ट सांगतो. त्याचेही रान मागे सुटले होते. त्याचे नाव सय्यद हैदर रझा.

भिंतीवरचा ठिपका

रझा जन्मले २२ फेब्रुवारी १९२२ रोजी, मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यात, बाबरिया नावाच्या खेड्यात. वडील जंगल खात्यात नोकरीला. नर्मदेचा मुलूख, चहूकडे दाट रान. रात्री काळोखाची भीती, सकाळी उन्हाचा दिलासा आणि आठवडे बाजारातले रंग, अशा वातावरणात हा मुलगा वाढला.

अभ्यासात त्याचे मन ठरत नसे. तेव्हा नंदलाल झारिया या मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याला सांगितले, की दुसरे काही मनात आणू नकोस, याच्याकडे पाहत बैस. पोर बसले. मास्तरांची ही आठवण रझा म्हातारपणापर्यंत सांगत असत. ती लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

१९३९ साली ते नागपूरच्या चित्रकला शाळेत आले. तिथून १९४३ साली मुंबईस गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. छपाईचे ठसे करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात चित्रे काढायची, असे ते दिवस होते. १९४७ साली सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे आपले ह. अं. गाडे यांच्यासह त्यांनी नव्या विचारांच्या चित्रकारांचा गट उभा केला. १९४८ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले.

उघड्यावर बसण्याची शाळा

त्या काळात रझा मुख्यतः निसर्गचित्रे काढीत. मुंबईचे रस्ते, पावसात भिजलेली घरे, डोंगर, झाडे. बहुतेक चित्रे जलरंगातली.

उघड्यावर बसून चित्र काढणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला लवकर समजेल. पेरणीचा वाफसा जसा थांबत नाही, तसा उजेडही थांबत नाही. सकाळी डोंगराच्या घळीत पडलेली सावली तासाभरात सरकते. भर दुपारी ऊन डोक्यावर आले, की सावल्या पायाखाली जातात आणि सगळे सपाट दिसू लागते. म्हणून सकाळ किंवा कलती दुपार धरावी लागते. जलरंगात पांढरा रंग सहसा लावीत नाहीत. कागदच कोरा ठेवावा लागतो. म्हणजे उजेड कुठे आहे, हे कुंचला टेकवण्यापूर्वीच ठरले पाहिजे. पान अन् पान काढत बसले, तर चित्र साधत नाही. डोळे किलकिले करून पाहिले, की बारीकसारीक गळून जाते आणि उरते ते मुख्य: आभाळाचा एक तुकडा, डोंगराचा दुसरा, नांगरटीचा तिसरा.

म्हणजे काय टाकायचे आणि काय ठेवायचे, हे रान स्वतःच शिकवते.

१९४८ साली रझा काश्मीरला चित्रे काढायला गेले. तिथे हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हे प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार त्यांना भेटले. चित्रे पाहून ते म्हणाले, की तुमच्या अंगी गुण आहे, पण चित्राची बांधणी कच्ची आहे. आमच्या सेझान या चित्रकाराचा अभ्यास करा. ही गोष्ट आपल्या घरासारखीच आहे. भिंतीला रंग कितीही छान दिला, तरी जोते आणि आढे भक्कम नसेल तर घर उभे राहत नाही. सुवर्णपदक मिळालेल्या माणसाला असे ऐकून राग आला असता. रझांनी मात्र ते मनावर घेतले आणि १९५० साली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून पॅरिस गाठले.

रान हरवले, मग सापडले

निघण्यापूर्वी त्यांच्यावर मोठे आघात झाले होते. १९४७ साली आई गेली, १९४८ साली वडील गेले. फाळणीनंतर बहुतेक भावंडे पाकिस्तानात गेली. मंडल्याचे घर मोडले.

फ्रान्समध्ये त्यांनी तिथली खेडी रंगवली: उतारावरची घरे, चर्च, झाडे. आता चित्राला बांधणी आली होती. १९५६ साली तिथल्या समीक्षकांचे मानाचे पारितोषिक त्यांना मिळाले. हा मान मिळवणारे फ्रान्सबाहेरचे ते पहिलेच चित्रकार. १९६२ साली ते शिकवण्यासाठी अमेरिकेला गेले. तिथे रॉथको या चित्रकाराच्या कामाचा त्यांच्यावर फार परिणाम झाला. नुसते रंगच मनातले बोलू शकतात, हे त्यांना जाणवले. हळूहळू त्यांच्या चित्रांतली घरे विरघळली, झाडे विरघळली. राहिला तो तापलेल्या मातीचा तांबडा, रात्रीचा काळा, उन्हाचा पिवळा.

नाव झाले, पैसा आला, तरी मन भरेना. या चित्रांत माझा मुलूख कुठे आहे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. ते पुन्हा पुन्हा भारतात येऊ लागले, फिरू लागले. आणि १९८० सालच्या सुमारास चित्राच्या मधोमध आला तो मोठा काळा ठिपका. बिंदू! मंडल्याच्या शाळेतल्या भिंतीवरचा. त्याच्याभोवती पंचमहाभूतांचे पाच रंग. १९८१ सालच्या अशाच एका चित्राला त्यांनी नाव दिले 'माँ'.

"यात कळायचे काय?"

अशी चित्रे पाहून पुष्कळजण हसतात. नुसता ठिपका, हे तर पोरही काढील! पण थोडा विचार करा. तलाठ्याकडचा गावनकाशा तुम्ही पाहिला आहे. त्यात झाड नाही, विहिरीचे पाणी नाही, पीक नाही; नुसत्या रेघा आणि गट नंबर. तरी तुम्ही बोट ठेवून सांगता, "हे माझे." अंगणातल्या रांगोळीतले कमळ खऱ्या कमळासारखे नसते, तरी ते कमळच. आणि बी तरी काय असते? एक ठिपकाच. आख्खे झाड त्यात आहे, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको.

मात्र एक गोष्ट विसरू नये. काश्मीरपासून या बिंदूपर्यंत पोहोचायला रझांना तीसेक वर्षे लागली. आधी रान पाहिले, मग त्यातले एकेक सोडत गेले. ज्याने पाहिलेच नाही, तो सोडणार काय?

२०१० साली रझा कायमचे भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या शेजारी त्यांना मूठमाती दिली गेली. २०२३ साली त्यांचे एक चित्र मुंबईच्या लिलावात ५१ कोटींहून अधिक किमतीला गेले. आकडा मोठा आहे. पण पोराच्या हाती कुंचला द्यावा तो या आकड्याकडे पाहून नव्हे.

तो द्यावा कारण घरात एखादे पोर वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढत असते आणि आपण ओरडतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना त्याला जरूर बसवा. पण त्याआधी एक पाटी, चार कागद आणि रंगांची पेटी देऊन बांधावर बसवा. एकच शेत चार वेळा काढू द्या: नांगरटीला, पेरणीनंतर, पीक उभे असताना आणि कापणी झाल्यावर. पाचव्या वेळी मात्र घरात बसून, न पाहता. जे उरेल ते त्याचे स्वतःचे.

उद्या तो तुकडा कारखान्याखाली गेलाच, तर जुना सातबारा ट्रंकेत राहील. त्यावर क्षेत्र असते, आकार असतो. मातीचा रंग नसतो. तो रंग पोराच्या कागदावर असू द्या.