कंपनी, सरकार आणि सातबारा: रायगडच्या सेझविरोधी लढ्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कंपन्यांचा राजकारणावरील प्रभाव हा विषय निघाला की चर्चा बहुधा दिल्लीतील देणग्यांपाशी घुटमळते. परंतु तो प्रभाव गावापर्यंत कसा पोचतो आणि संघटित लोक त्याला नेमके कोठे अडवतात, हे पाहण्यासाठी नवीन पनवेलहून फार दूर जावे लागत नाही. 2005 चा विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ) कायदा निर्यातवाढीसाठी करसवलती आणि वेगळी प्रशासकीय व्यवस्था देणारा होता. त्या कायद्याच्या आधारे रिलायन्स समूहाच्या महामुंबई सेझसाठी पनवेल, उरण आणि पेण या तालुक्यांतील 45 गावांची सुमारे दहा हजार हेक्टर जमीन घेण्याचे घाटत होते. शेतकऱ्यांच्या विरोधानंतर ही योजना बारगळली. मात्र त्या लढ्याविषयी काही समजुती आजही घट्ट आहेत.

गैरसमज 1: हा कंपनी आणि शेतकरी यांच्यातील खासगी व्यवहार होता.

वस्तुस्थिती: जमीन घेण्याची प्रक्रिया सरकार चालवत होते आणि तिला 1894 च्या भूसंपादन कायद्याचा आधार होता. या कायद्यानुसार कलम 4 ची प्राथमिक अधिसूचना निघे, कलम 5अ खाली तीस दिवसांत हरकती घेता येत, त्यानंतर कलम 6 ची घोषणा, कलम 9 च्या नोटिसा आणि शेवटी नुकसानभरपाई ठरवणारा निवाडा, असा क्रम असे. सार्वजनिक प्रयोजनाचा शिक्का बसला की खातेदाराची संमती आवश्यक राहत नसे. कंपन्यांसाठी जमीन घेण्याकरिता तर या वसाहतकालीन कायद्यात स्वतंत्र भागच होता. कंपनीची खरी ताकद तिच्या पैशापेक्षा सक्तीचा हा सरकारी अधिकार तिच्या कामी येण्यात होती.

गैरसमज 2: शेतकऱ्यांचा विकासालाच विरोध होता.

वस्तुस्थिती: पेण तालुक्यातील 22 गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचे पाणी ज्या शेतीला मिळावयाचे त्या क्षेत्रात, येत होती. खाडीलगतच्या या पट्ट्यात भरतीचे खारे पाणी शिरू नये म्हणून बाहेरकाठे, म्हणजे खाडीच्या बाजूचे मातीचे बांध, पिढ्यान्‌पिढ्या राखले जातात आणि त्यांच्या आत पावसाळी भात पिकतो. कालव्याचे गोडे पाणी आले तर त्याच शेतात दुबार पीक घेता येते. सार्वजनिक पैशातून धरण बांधायचे आणि पाणी शेतात पोचण्याआधीच शेत उद्योगासाठी मागायचे, या विसंगतीवर आंदोलकांनी बोट ठेवले. ज्या विकासाचे आश्वासन आधीच मिळाले होते, त्याचीच ही मागणी होती.

गैरसमज 3: जनमत चाचणीचा कौल लागला आणि प्रकल्प रद्द झाला.

वस्तुस्थिती: 21 सप्टेंबर 2008 रोजी या 22 गावांतील खातेदारांची मते जिल्हा प्रशासनाने घेतली. एखाद्या खासगी प्रकल्पासाठी जमीन द्यावी की नाही, हे सरकारी यंत्रणेने खातेदारांना अशा रीतीने विचारणे ही अपवादात्मक गोष्ट होती. मात्र हा कौल कायद्याने बंधनकारक नव्हता. खातेदारांचा कल मोठ्या प्रमाणावर विरोधात असल्याच्या बातम्या आल्या, तरी अधिकृत निकाल सरकारने जाहीर केला नाही. निर्णायक ठरली ती मुदत. कलम 6 च्या घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर संपादनाची कार्यवाही आपोआप संपुष्टात येते, असे कलम 11अ सांगत होते आणि 2009 मध्ये ती मुदत उलटली. कौलामुळे सक्ती करणे सरकारला राजकीयदृष्ट्या जड झाले, आणि त्या काळात कायद्याचे घड्याळ पुढे सरकत राहिले.

गैरसमज 4: असे लढे उत्स्फूर्त असतात किंवा एका नेत्याच्या जोरावर चालतात.

वस्तुस्थिती: या लढ्यात प्रा. एन. डी. पाटील आणि उल्का महाजन ही नावे पुढे होती हे खरे. तथापि सातबारे गोळा करणे, हरकती मुदतीत दाखल करणे आणि घराघरांत कलमांचा अर्थ पोचवणे ही कामे गावोगावच्या कार्यकर्त्यांवाचून होत नाहीत. शिवाय या भागाला आधीच्या लढ्याची शिकवण होती. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाने नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी घेण्याचे काम हाती घेतले. नवीन पनवेलच्या वसाहतीही त्याच प्रकल्पाचा भाग. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मोबदल्याची लढाई जमीन गेल्यानंतर लढणे किती महाग पडते, हे सेझच्या वेळी येथील गावांना कोणी नव्याने सांगण्याची गरज नव्हती.

गैरसमज 5: कंपन्यांचा राजकीय प्रभाव म्हणजे लाच, आणि निवडणूक रोखे रद्द झाल्याने तो प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: प्रभावाचा मोठा भाग कायदेशीर मार्गानेच येतो. कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी द्यावी, ही मर्यादा 2017 च्या वित्त कायद्याने काढून टाकली. 2018 मध्ये आलेल्या निवडणूक रोख्यांत देणगीदाराचे नाव मतदाराला कळत नसे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कॉमन कॉज आदींच्या याचिकांवर 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रोखे योजना आणि मर्यादा हटवणारी दुरुस्ती, दोन्ही घटनाबाह्य ठरवल्या. तरीही कंपन्या थेट किंवा निवडणूक न्यासांमार्फत, म्हणजे देणग्या जमवून पक्षांना वाटणाऱ्या नोंदणीकृत संस्थांमार्फत, आजही देणगी देऊ शकतात. बदल झाला तो हा की, देणारा आणि घेणारा यांची सांगड घालण्याचा अधिकार मतदाराला मिळाला. ती घालण्याचे काम मात्र नागरिकांनाच करावे लागते.

गैरसमज 6: 2013 च्या कायद्यामुळे आता संमतीशिवाय जमीन जाऊ शकत नाही.

वस्तुस्थिती: 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी 80 टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक करण्यात आली. रायगडसारख्या लढ्यांनी हा प्रश्न देशाच्या चर्चेत आणला होता. परंतु सरकार स्वतःच्या वापरासाठी जमीन घेते तेव्हा ही अट नाही. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ या अधिसूचित क्षेत्रात सिडको नगररचना योजना राबवते. तेथे जमिनींचे एकत्रीकरण करून मूळ मालकाला सुमारे 40 टक्के क्षेत्राचा भूखंड परत दिला जातो. हे भूसंपादन मानले जात नसल्याने 80 टक्के संमतीचे कलम येथे कामी येत नाही. शेतकऱ्याच्या हाती उरतात त्या हरकती, सुनावणी आणि त्यामागची संघटना. म्हणून पनवेल परिसरातील कोणत्याही नव्या योजनेबाबत पहिला प्रश्न ती कोणत्या कायद्याखाली येत आहे हा, आणि दुसरा हरकतीची मुदत कधी संपते हा असायला हवा.